परवाना फक्त सुरतेपुरता

उज्ज्वला तोरस्कर नवरी म्हणून सुरतेत आली ती १९८८ च्या फेब्रुवारीत, आणि अंगाला हळद लागायच्या आधी तिच्या बोटाला पोलिसांच्या कचेरीतली शाई लागली. कराचीहून लाहोर, तिथून अटारी, मग दिल्ली आणि सुरत, असा चार दिवसांचा प्रवास करून ती वडिलांबरोबर उतरली होती. पाकिस्तानचा पासपोर्ट असलेल्या माणसाने गावात पाऊल टाकलं की चोवीस तासांच्या आत हजेरी लावायची, असा नियम होता. त्यामुळे होणाऱ्या सासूने, उषाबाईंनी, तिच्या हातात चहाचा कप दिला आणि सांगितलं की आधी ते काम उरकून या, आंघोळ मग करा.

तोरस्कर मूळचे मालवणकडचे. उज्ज्वलाचं माहेरही त्याच वाडीतलं. तिचे आजोबा इंग्रजांच्या काळात आगबोटीने कराचीला गेले आणि तिथल्या बंदरावर कारकून झाले. नवरा मुलगा सुधाकर तोरस्कर, त्याचे वडील पोस्टात लागले आणि बदल्या होता होता सुरतेला आले, तेव्हा सुरत मुंबई इलाख्यातच होती. एका वाडीतून पोटासाठी बाहेर पडलेली ही दोन माणसं. फाळणी झाली तेव्हा आजोबांना वाटलं, चार महिन्यांत सगळं निवळेल, हातची नोकरी कशाला सोडायची. ते कराचीत राहिले आणि त्यांची पुढची पिढी पाकिस्तानी झाली. पत्रव्यवहार मात्र तुटला नाही. त्याच पत्रांतून सोयरीक जमली. मुलगी मराठी, आपल्या जातीची, आपल्या वाडीची, गणपतीची आरती पाठ असलेली. उषाबाईंना आणखी काय हवं होतं?

लग्नात तांदळात नाव लिहिलं तेव्हा हेमलताची उज्ज्वला झाली. आपल्याकडे होतंच असं, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पासपोर्टावर हेमलता आहे, याची आठवण कुणाला झाली नाही.

सुरतेतल्याच उधना भागात, चार मजली इमारतीत दुसऱ्या माळ्यावर त्यांचं घर होतं. सुधाकर बँकेत कॅशियर. दोन वर्षांत उषाबाई गेल्या, त्याच्या पुढेमागे अजिंक्य आणि नेहा झाली. मुलं इथली, बापाच्या मागे भारताची. घरातल्या चौघांपैकी तिघांना कुठेही जायला मोकळीक होती आणि चौथीच्या व्हिसावर एकाच गावाचं नाव होतं. सुरत. दरवर्षी तो वाढवून घ्यायचा, आणि गावाबाहेर जायचं असेल तर आधी अर्ज करायचा. सुधाकरची बदली दीड वर्ष बारडोलीला होती. एसटीने तासाभराचा रस्ता, तो रोज जाऊन येऊन करायचा. तिथल्या लोकांनी सहकुटुंब जेवायला बोलावलं तर त्याने दर वेळी काहीतरी निमित्त सांगितलं. पुण्याला नणंदेच्या मुलाची मुंज होती, त्याचा परवाना आला तो मुंज लागून गेल्यावर.

या सगळ्याचा तिच्या अंगावर परिणाम झाला होता. ती एका जागी बसत नसे. जेवताना दोनदा उठायची, कपाटातली कागदांची पिशवी जागेवर आहे ना ते पाहून यायची. जिन्यात बुटांचा आवाज आला की हातातलं काम थांबायचं. व्हिसाची मुदत संपायला तीन महिने असले तरी ती कॅलेंडरसमोर उभी राहून बोटाने दिवस मोजायची आणि मग पुन्हा उलटे मोजायची. सुधाकर म्हणायचा, तुझ्या पायाला भिंगरी आहे. खरं तर तिला कुठे जाताच येत नव्हतं.

बोलण्यातही ती सावध झाली. लहानपणापासून घरात मालवणी आणि गल्लीत उर्दू, त्यामुळे तिच्या मराठीत ‘फिकीर’, ‘दरख्वास्त’, ‘फारिग’ असले शब्द सहज यायचे. एकदा भाजीवालीशी बोलताना ‘शुक्रिया’ म्हणून गेली आणि शेजारी उभ्या असलेल्या दोघीजणींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यानंतर ती बोलण्याआधी शब्द तपासून घ्यायला लागली. इमारतीत कुणी तिला वाईट बोललं नव्हतं. ‘पाकिस्तानवाली’ हा शब्द तिने फक्त एकदा, भिंतीपलीकडून ऐकला होता.

समोरच्या दारात शोभाबाई राहायच्या. खानदेशातल्या, नंदुरबारच्या पुढच्या एका खेड्यातल्या. नवरा साड्या रंगवणाऱ्या प्रोसेसमध्ये, दोन मुलगे मागावर. त्यांना पाकिस्तान कुठे आहे याच्याशी काही घेणं नव्हतं. रोज दारात उभं राहून त्या विचारायच्या, “जेवन व्हयनं का वं माय?” आणि उत्तराची वाट न पाहता आत येऊन बसायच्या. सुरतेत उज्ज्वलाला एवढी एकच बाई मिळाली, जिच्यापुढे ती शब्द तपासत नसे.

इमारतीचा रखवालदार धनबीर नेपाळचा होता. त्याची बायको गावाहून आली, मुलगा म्युनिसिपालिटीच्या शाळेत जायला लागला. दर दसऱ्याला ते सगळे महिनाभर गावाला जायचे आणि परत यायचे. एकदा उज्ज्वला पिशवी घेऊन बाहेर पडताना त्याने विचारलं की ताई, तुम्ही एवढ्या वेळा पोलिसांकडे कशाला जाता? तिने सांगितलं की दुसऱ्या देशाची आहे, नोंद करावी लागते.  धनबीर म्हणाला, मीही दुसऱ्या देशाचा आहे, मला तर आजवर कुणी बोलावलं नाही. कुठे जायचं असतं? तिने त्याला सांगितलं की तुम्हाला नसतं जायचं. का नसतं, हे तिलाही नीट सांगता आलं नाही. दोन सरकारांचा तसा करार आहे, एवढंच सुधाकरने तिला सांगितलं होतं.

१९९३ मध्ये तिला पाच वर्षं पूर्ण झाली आणि नागरिकत्वाचा अर्ज करायचा हक्क मिळाला. ज्या दिवशी पाच वर्षं भरली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन खिडकीवर उभी होती. परदेशी लोकांची नोंद ठेवणारे कारकून परमार सज्जन होते, पण त्यांच्या टेबलावर पाकिस्तानचं रजिस्टर वेगळं आणि बाकी सगळ्या जगाचं वेगळं होतं. त्या दिवशी बाकी जगाच्या रजिस्टरात लेस्टरहून आलेली पटेलांची एक सून सही करत होती. जन्म नैरोबीचा, पासपोर्ट इंग्लंडचा, गुजराती मोडकंतोडकं. परमारांनी तिला खुर्ची दिली, तिकडे थंडी किती असते ते विचारलं, पाच मिनिटांत तिचं काम झालं. ती उठताना उज्ज्वलाकडे पाहून हसली आणि आपण कुठून आलात म्हणून विचारलं. उज्ज्वलाने कराची म्हटलं. बाईचं हसू गेलं नाही, पण तिने पर्स उचलली आणि ती निघून गेली.

परमारांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “बेन, हेमलता कोण?”

त्या एका प्रश्नात दीड वर्ष गेलं. हेमलता आणि उज्ज्वला एकच, याचं प्रतिज्ञापत्र, भटजींचा दाखला, दोन साक्षीदार, वर्तमानपत्रात जाहिरात. त्याच काळात तिच्या पासपोर्टाची मुदत संपली. तो नवा करायचा तर दिल्लीला त्यांच्या वकिलातीत जायला हवं, आणि इथे नागरिकत्व मागायचं आणि तिथे पासपोर्ट मागायचा हे बरं दिसत नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. म्हणून तो तसाच राहिला. आता ती ज्या देशाची होती त्याचा कागद संपला होता आणि ज्या देशात राहत होती त्याचा मिळाला नव्हता. १९९४ च्या ऑगस्टमध्ये तिची फाइल पुढे गेली. परमार म्हणाले, आता वर्षभरात होईल.

सप्टेंबरात प्लेग आला.

पहिल्या दिवशी नुसती कुजबुज होती. वेड रोडला माणसं मेली, पाणी विषारी झालंय, असं काहीबाही. दुसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानांतून कॅप्सूल संपल्या, तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचे दवाखाने बंद झाले. तोंडाला रुमाल बांधून माणसं स्टेशनाकडे धावत होती. माग थांबले. रात्रंदिवस खडखडणारं उधना गप्प झालं, आणि त्या शांततेने उज्ज्वलाचं डोकं फिरायची वेळ आली. ती खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फिरत राहिली. नेहाला खोकला झाला होता. साधाच असेल, पण तीन वर्षांची पोर खोकली की ती हातातलं टाकून तिच्याकडे धावायची.

सुधाकरला निघता येत नव्हतं. तिजोरीची एक किल्ली मॅनेजरकडे, एक त्याच्याकडे, आणि मॅनेजर आदल्या दिवशीच बायकोमुलांना घेऊन गेले होते. दुसरा माणूस येऊन ताबा घेईपर्यंत त्याला हलणं शक्य नव्हतं. तो म्हणाला, मुलांना शोभाबाईंबरोबर पाठव, तू इथेच थांब, फाइल एवढी पुढे गेली आहे. उज्ज्वलाने नेहाच्या छातीला हात लावून पाहिला आणि कपाटातली कागदांची पिशवी काढली.

शोभाबाई गाठोडं बांधून दारात उभ्या होत्या. “चाल मन्हासंगे,” त्या म्हणाल्या. “तठे तुले कोन इचारी?”

तिला कोण विचारणार, हाच तर प्रश्न होता. ती पिशवी घेऊन आधी कचेरीत गेली. खिडकी बंद. परमारांच्या खोलीला कुलूप. आवारात एकच शिपाई रुमाल बांधून बसला होता. तिने त्याच्यापुढे अर्ज धरला: मुलांना घेऊन अमुक गावी जात आहे, तिथला पत्ता असा, प्लेग ओसरताच परत येईन. शिपायाने हात मागे घेतला. कागदाला हात लावला की रोग होतो असं त्याला वाटलं, की सही करावी लागेल म्हणून तो घाबरला, कोण जाणे. म्हणाला, पेटीत टाका. भिंतीत टपालाची एक लोखंडी पेटी होती. तिने अर्ज आत टाकला, तो खाली पडल्याचा आवाज ऐकला, आणि ती घरी जाऊन मुलांना घेऊन निघाली.

भुसावळकडच्या गाडीत उभं राहायला जागा नव्हती. शोभाबाईंच्या थोरल्या मुलाने अजिंक्यला खिडकीतून आत घेतलं. गाडी हलली तेव्हा उज्ज्वलाने डोळे मिटून घेतले. चलथाण मागे पडलं, बारडोली मागे पडली. साडेसहा वर्षांत पहिल्यांदा ती सुरतेच्या बाहेर होती. बाहेरचा ऊस, बाभळी, लहानसहान स्टेशनं तिने पाहिलीच नाहीत. डब्यात कुणी परवाना मागणार नव्हतं, हे तिला कळत होतं. तरी नवापूर येईपर्यंत दर स्टेशनावर खाकी कपडा दिसला की ती नेहाला छातीशी घट्ट धरायची.

गावात त्यांचं स्वागत झालं नाही. वेशीवरच चारपाच जण काठ्या घेऊन उभे होते. सुरतेहून आलेल्यांनी घरी जायचं नाही, शाळेत राहायचं, असं ठरलं होतं. त्यांच्यात शोभाबाईंचा सख्खा दीर मारुती होता. शोभाबाई त्याला जन्मापासूनच्या गोष्टी ऐकवायला लागल्या, पण तो काही बाजूला झाला नाही. “वहिनी, हात जोडतो,” एवढंच म्हणत राहिला. शेवटी सगळे शाळेच्या दोन वर्गांत राहिले. भाकरी यायची ती लांबून ओट्यावर ठेवलेली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उज्ज्वलाने अशी गोष्ट केली, जिची तिला कुणी सक्ती केली नव्हती. मुलांना शोभाबाईंकडे सोपवून ती तीन किलोमीटर चालत पोलीस चौकीवर गेली.

चौकीत बळीराम हवालदार एकटेच होते. बाई सुरतेहून आली म्हटल्यावर त्यांनी तिला दाराबाहेरच थांबवलं. म्हणाले, “बाई, निम्मी सुरत येऊन पडलीय. मी कुणाकुणाचं लिहू?”

“माझं लिहा,” ती म्हणाली. “मी पाकिस्तानची आहे.”

हवालदार खुर्चीतून उठले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. नेसलेली पाचवारी, कपाळावरचं कुंकू, गळ्यातलं मंगळसूत्र. तिने दारातून अर्जाची नक्कल, मुदत संपलेला पासपोर्ट, व्हिसाचा कागद असं सगळं पुढे केलं आणि शांतपणे सांगितलं की चोवीस तासांच्या आत सांगावं लागतं, म्हणून आले. हवालदार म्हणाले की तुम्ही सांगितलं नसतं तर मला जन्मात कळलं नसतं, आता मला वर कळवावं लागेल, आणि तुमचंच वाईट होईल. अजून वेळ आहे, परत जा, मी काही ऐकलं नाही. त्यांच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता. ती दारातून हलली नाही. शेवटी त्यांनी रजिस्टर ओढलं.

त्या गावात ती अकरा दिवस राहिली. नेहाचा खोकला तिसऱ्या दिवशी गेला. शाळेमागून नदीकडे एक वाट जायची, तिच्यावरून ती रोज सकाळी चालायची. कुठपर्यंत जायचं याला कुणाची मनाई नव्हती, तरी एका ठराविक उंबराशी पोचली की पाय आपोआप वळायचे. एकदा शोभाबाईंनी विचारलं की एवढी काय येरझाऱ्या घालतेस? ती म्हणाली, सवय आहे.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते परतले. सुधाकर धडधाकट होता, फक्त वाळला होता. तिने दुसऱ्याच दिवशी कचेरीत हजेरी लावली. परमार गावाहून परतले होते, त्यांनी काही विचारलं नाही आणि तीही काही बोलली नाही. नोव्हेंबरात नोटीस आली. परवान्याविना सुरत सोडल्याबद्दल खुलासा करा. तिकडच्या चौकीची नोंद टप्प्याटप्प्याने इथे पोचली होती, पण पेटीतला तिचा अर्ज कुणालाच सापडला नाही. चौकशी पूर्ण होईपर्यंत नागरिकत्वाची फाइल बाजूला ठेवली गेली.

त्या संध्याकाळी सुधाकरचा तोल सुटला. साडेसहा वर्षांत तो तिच्यावर असा चिडला नव्हता.

“तुला कुणी विचारलं होतं?” तो म्हणाला. “लाखो माणसं पळाली. एकाने तरी पोलिसांत जाऊन सांगितलं का?”

“त्यांना सांगावं लागत नाही. मला लागतं.”

“आणि त्याचं फळ काय मिळालं ते पाहिलंस ना?”

“पाहिलं,” ती म्हणाली. “पण मी अकरा दिवस कुठे होते ते आता कुठेतरी लिहिलेलं आहे. लिहिलेलं नसतं आणि उद्या कुणी विचारलं असतं, तर मी काय दाखवलं असतं? धनबीर गेला तर गावाला गेला म्हणतात. मी गेले तर कुठे गेली होती म्हणतात.”

 नंतर कित्येक दिवस दोघं कामापुरतंच बोलत होते. राग ओसरला तरी सुधाकरला तिचं चौकीवर जाणं चूकच वाटत राहिलं, आणि ते बरोबर होतं की नाही हे तिचं तिलाही ठरवता येईना. भांडी घासून झाली की ती तीच पुन्हा घासायला घ्यायची.

पुढची दोन वर्षं जबाब देण्यात गेली. तेच प्रश्न, वेगवेगळी माणसं. गावात कुणाला भेटलात, पत्र कुणाला लिहिलंत, कराचीतला भाऊ काय करतो. ९६ च्या मार्चमध्ये विश्वचषकातला भारत-पाकिस्तान सामना होता. खालच्या पोरांनी अजिंक्यला विचारलं की तुझी आई कुणाच्या बाजूने? सात वर्षांचा पोरगा वर येऊन तिला विचारू लागला. ती म्हणाली, मला क्रिकेट कळत नाही. कराचीत लहानपणी ती भावाबरोबर रेडिओला कान लावून बसायची, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता.

त्याच वर्षी पावसाळ्यात भावाचं पत्र आलं. आईच्या पोटात गाठ आहे, डॉक्टरांनी फार आशा दाखवलेली नाही. पत्र यायलाच तीन आठवडे लागले होते. ती परमारांकडे गेली. या वेळी परमारांनी तिलाही खुर्ची दिली. तिने विचारलं, जाता येईल का? त्यांनी एकेक अडचण सांगितली. पासपोर्ट संपलेला, तो नवा करायला दिल्ली, तिथे किती महिने लागतील सांगता येत नाही. चौकशी चालू. देश सोडला तर सलग राहिल्याची अट मोडेल.

“बेन, जायचा रस्ता मी शोधून देईन,” परमार म्हणाले. “परत यायचा मला माहीत नाही.”

उधन्याच्या नाक्यावर फोनचं बूथ होतं. तिथून तिने कराचीला फोन लावला. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा भाऊ आला. तो म्हणाला, ताई, येऊ नकोस, इथे आलीस तर तुझी पोरं तिथे राहतील. मग त्याने आईच्या कानाला फोन लावला. आधी नुसता श्वास ऐकू आला. 

“गो बाय,” आई म्हणाली, “जेवलंस मां?”

“जेवलंय,” ती म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. बूथच्या काचेबाहेर लोक रांगेत उभे होते, म्हणून ती तिथे रडली नाही. घरी येईपर्यंत रडू गेलं होतं. नवव्या दिवशी आई गेल्याची तार आली. सुधाकरने रजा काढली. शोभाबाईंनी तीन दिवस चूल पेटवू दिली नाही, आपल्या घरून भाकऱ्या आणल्या. तेराव्याला भटजी घरी आले, तेव्हा उज्ज्वला मध्येच उठून गॅलरीत गेली आणि उभीच राहिली. तिला सारखं वाटत होतं की आपण कुठेतरी निघायला हवं होतं आणि गाडी चुकली आहे.

१९९७ च्या शेवटी कचेरीत नवे साहेब आले आणि त्यांनी जुन्या फाइली एकेक करून काढल्या. तिला सुनावणीला बोलावलं. साहेब तरुण होते, टेबलावर तिची फाइल दोन वेळा दोरीने बांधलेली. त्यांनी विचारलं की ९४ साली तुम्ही परवान्याविना गेलात हे खरं का? तिने हो म्हटलं. पेटीत टाकलेल्या अर्जाची नक्कल दाखवली. ते म्हणाले की नकलेवर कुणाची पोच नाही, तेव्हा ती मला धरता येत नाही. मग त्यांनी खानदेशातून आलेला कागद वाचला. त्यावर बळीराम हवालदारांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं की सदर महिला स्वतःहून हजर झाली. साहेबांनी ती ओळ वाचून विचारलं, “तुम्हाला भीती नाही वाटली?”

“वाटली,” ती म्हणाली. “म्हणूनच गेले.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी ताकीद देऊन चौकशी मिटवली, पण मधल्या काळात जुना अर्ज बाद झाला होता, म्हणून नवा भरायला सांगितला. पुन्हा हेमलता, पुन्हा उज्ज्वला, पुन्हा साक्षीदार. सुधाकरने या वेळी सगळे कागद स्वतः लिहून काढले. एका संध्याकाळी, प्रतिज्ञापत्राची प्रत तपासता तपासता, तो मान वर न करता म्हणाला की तू त्या चौकीवर गेलीस ते बरं झालं. तिने ऐकलं आणि ती पोळ्या लाटत राहिली.

प्रमाणपत्र आलं ते १९९९ च्या फेब्रुवारीत. साहेबांसमोर उभं राहून तिने शपथ घेतली. परमार निवृत्त झाले होते, तरी मुद्दाम आले. इमारतीत तिने पेढे वाटले. धनबीरने पेढा घेतला आणि विचारलं की ताई, आता काय बदललं? ती म्हणाली, आता मी तुमच्यासारखी झाले. तो म्हणाला, मला तर अजून कागद नाही. दोघंही हसली.

त्या दिवशी तरी तिला शांत झोप लागेल असं सुधाकरला वाटलं होतं. ती पहाटे उठून कपाट उघडून पाहत होती.

मे महिन्यात कारगिलचं युद्ध पेटलं. टीव्हीवर रोज शवपेट्या दिसायच्या. जूनमध्ये एका दुपारी दारावर थाप पडली. साध्या वेशातला एक पोलीस होता, हातात यादी. पाकिस्तानी नागरिक हेमलता इथेच राहते का, म्हणून त्याने विचारलं. समोरच्या दारातून शोभाबाई बाहेर आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. उज्ज्वलाने त्याला आत बोलावलं, पाणी दिलं आणि प्रमाणपत्र समोर ठेवलं. त्याने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, नंबर उतरवून घेतला. ओशाळून म्हणाला की यादी जुनी आहे, सुधारायला वेळ लागतो, तोवर कदाचित आणखी कुणी येईल. एक झेरॉक्स मिळाली तर बरं.

मूळ कागद ती कुणाच्या हाती देत नसे. तिने चपला घातल्या आणि ती त्याच्याबरोबर खाली दुकानात गेली. झेरॉक्सच्या यंत्रातून हिरवा उजेड सरकत गेला. तिने दुकानदाराला दहा प्रती काढायला सांगितल्या. एक पोलिसाला दिली, नऊ आणि मूळ कागद पिशवीत ठेवले आणि ती भाजी घ्यायला बाजाराकडे वळली.